दहा प्रती, एक साक्षीदार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांचे आयुष्य जुने कागद सांभाळण्यात गेले. त्यामुळे विषय संगणकाचा असला तरी तो कागदांपाशी येऊन पोचावा, अशी माझी इच्छा होती. आज आपले फोटो, बँकेचे व्यवहार, शाळेचे निकाल, दवाखान्याचे अहवाल हे सगळे मोजक्या कंपन्यांच्या प्रचंड गोदामांत राहते आणि त्याला आपण क्लाउड म्हणतो. हेच काम एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो लोकांच्या यंत्रांवर वाटून करता येईल का, आणि त्या अनोळखी माणसांचा हिशेब ब्लॉकचेनवर ठेवता येईल का, हा आजचा प्रश्न. माझे उत्तर आधीच सांगतो. साठवण वाटता येते आणि आज ती वाटली जातेही. गणन वाटणे अजून अवघड आहे. आणि दोन्हीकडे कसोटी एकच आहे: प्रती ठेवणारे खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का?

हा प्रश्न मांडायला झाशीइतकी योग्य जागा मला दुसरी सुचत नाही. ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजा शहरात घुसल्या. दुसऱ्या दिवशी रात्री राणी लक्ष्मीबाई किल्ल्यातून बाहेर पडल्या आणि त्यानंतर इथे लुटालूट आणि कत्तल झाली. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा इथेच होते. मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून घरून निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. 'माझा प्रवास'मध्ये त्यांनी माणसांच्या हालांबरोबर राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची वाताहतही हळहळून लिहिली आहे. संग्रह मोठा होता, पण होता एकाच जागी. त्यातल्या ज्या पोथीची दुसरी प्रत काशीत किंवा पुण्यात होती ती पोथी जगली. जिची नव्हती, ती गेली.

एकशे सदुसष्ट वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा केंद्रातल्या बॅटऱ्यांना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा एका रात्रीत बंद पडल्या. त्यातल्या बहुतेक सावकाश परत आल्या. पण सरकारी कर्मचारी ज्यावर आपल्या फायली ठेवत, त्या 'जी-ड्राइव्ह'मधली ८५८ टेराबाइट माहिती कायमची गेली. साठा फार मोठा आहे, म्हणून त्याची दुसरी प्रतच काढलेली नव्हती. जगातल्या सर्वांत प्रगत डिजिटल सरकारांत ज्याची गणना होते, त्या देशात हे घडले. पुढच्याच महिन्यात, २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात पत्ते शोधून देणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेत एक दोष निघाला आणि जगभरची ॲप्स काही तास आडवी झाली. तिथे आग नव्हती, शत्रू नव्हता. क्लाउडच्या जागतिक बाजारातला साठ टक्क्यांहून अधिक वाटा ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तिघांकडे आहे. इतके काम इतक्या थोड्या हातांत असले, की एका हाताची चूक सगळ्यांना भोवते.

आता गोडसे भटजींच्याच पुस्तकाची हकीगत पाहा, कारण तिच्यातून प्रश्नाची दुसरी बाजू कळते. भटजींनी आपली हकीगत परत गेल्यावर कित्येक वर्षांनी लिहिली आणि चिंतामण विनायक वैद्यांच्या हाती दिली. वैद्यांनी ती १९०७ साली छापली. राज्य इंग्रजांचे होते, भाषेच्या अपेक्षाही बदलल्या होत्या. वैद्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात टिकले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली. मधली एकोणसाठ वर्षे महाराष्ट्राने वाचली ती वैद्यांच्या हातून गेलेली प्रत. वैद्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यामुळेच ते पुस्तक आपल्याला मिळाले. पण ग्रंथसंग्रह नष्ट झाला आणि पुस्तक बदलले, हे दोन वेगळे धोके आहेत. पहिल्यावर उपाय म्हणजे अनेक प्रती. दुसऱ्यावर उपाय म्हणजे मूळ काय होते याचा असा पुरावा, की जो पुढे कुणालाही गुपचूप बदलता येणार नाही.

ब्लॉकचेनचा जन्म या दुसऱ्या उपायातून झाला. बिटकॉइनच्या गदारोळात हे बहुतेक विसरले जाते. कोणत्याही मजकुरावर एक ठरावीक गणिती क्रिया केली, की त्याची एक छोटी ओळख निघते. तिला हॅश म्हणतात. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ही ओळख ६४ अक्षर-अंकांची असते. पुस्तकातला एक काना बदला, हॅश पूर्ण बदलतो. आणि हॅशवरून पुस्तक मात्र परत काढता येत नाही. १९९१ साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी दस्तऐवजांच्या हॅशांची साखळी करण्याची कल्पना मांडली. प्रत्येक नव्या नोंदीत मागच्या नोंदीचा हॅश मिसळायचा, म्हणजे मधली एक नोंद बदलली तर पुढची सगळी साखळी तुटते. पण साखळी ठेवणाऱ्यानेच सगळी पुन्हा लिहून काढली तर? त्यावर त्यांच्या कंपनीने काढलेला तोडगा मला फार आवडतो. १९९५पासून त्यांनी आपल्या साखळीचा हॅश दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. आता खोटेपणा करायचा तर जगभरच्या वाचनालयांत पडलेले वर्तमानपत्राचे अंक बदलावे लागतील. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली बिटकॉइनचा निबंध लिहिणाऱ्याने त्यात हेबर-स्टॉर्नेटांचा आधार दिला आहे. त्याने वर्तमानपत्राच्या जागी हजारो संगणक बसवले, एवढाच फरक; अशी साखळी म्हणजे ब्लॉकचेन.

आपल्याकडचे उदाहरण गडचिरोलीतले आहे. एटापल्ली हा जंगलातला, आदिवासी वस्तीचा तालुका. तिथल्या उपविभागीय कार्यालयाने २०२२ साली ६५ हजार जातप्रमाणपत्रे पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडून देण्याचे काम हाती घेतले. पॉलिगॉनची सुरुवात २०१७ साली मुंबईत 'मॅटिक' या नावाने झाली होती. प्रमाणपत्र खरे की बनावट, हे तपासायला आता दूरच्या कार्यालयाला पत्र लिहून उत्तराची वाट पाहावी लागू नये, हा हेतू. शिष्यवृत्तीसाठी आणि प्रवेशासाठी ताटकळणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. ब्लॉकचेन काय करते आणि काय करत नाही, हेही इथे स्पष्ट दिसते. प्रमाणपत्रातला मजकूर बदललेला नाही, एवढे ती सांगते. मुळात तो मजकूर खरा होता का, हे ती सांगू शकत नाही. ते काम तलाठ्याचे आणि तहसीलदाराचेच राहते.

हॅश छोटा असतो, पण मूळ कागद मोठे असतात. ब्लॉकचेनवर प्रत्येक नोंद हजारो संगणकांनी ठेवायची असल्याने तिथे सगळा ग्रंथसंग्रह टाकणे अशक्यप्राय महाग पडते. म्हणून माहिती एकीकडे आणि तिचा हिशेब दुसरीकडे अशी रचना करतात. माहिती वाटण्यामागचे गणित १९६०चे आहे, आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांचे. स्टोर्ज नावाच्या सेवेची मांडणी घ्या. फाइल आधी कुलूपबंद म्हणजे सांकेतिक करायची, मग तिच्या प्रत्येक भागाचे ८० तुकडे करून जगभरच्या वेगवेगळ्या लोकांच्या यंत्रांवर ठेवायचे. तुकडे असे बनवलेले असतात, की ८०पैकी कोणतेही २९ हाती आले तरी मूळ भाग पूर्ण उभा राहतो. जागा लागते मूळच्या पावणेतीन पट. तीन पूर्ण प्रती ठेवल्या तर जागा तिप्पट लागते आणि दोन गेलेल्या चालतात; इथे त्याहून कमी जागेत ५१ तुकडे गेले तरी चालते. तुकडा सांभाळणाऱ्याला त्यातले काही वाचताही येत नाही. १८५८च्या झाशीचे भांडार असे वाटलेले असते, तर एक शहर पडल्याने त्याचे काही बिघडले नसते.

पण अनोळखी माणसाकडे तुकडा ठेवला आणि त्याने पैसे घेऊन तो फेकून दिला, तर कळणार कसे? समजा, आपण एकाला पोथी सांभाळायला दिली आहे आणि अधूनमधून अचानक निरोप पाठवतो: तीनशे बाराव्या पानाची सातवी ओळ उतरवून पाठव. कोणते पान विचारणार हे त्याला आधी माहीत नाही. म्हणून नेहमी बरोबर उत्तर द्यायचे तर त्याला अख्खी पोथी जवळ ठेवावीच लागेल. फाइलकॉइन ही व्यवस्था नेमके हेच करते. हुआन बेनेट यांच्या संस्थेने ती ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू केली. साठवणाऱ्याला दर चोवीस तासांत आपल्याकडच्या साठ्याचा असा गणिती पुरावा ब्लॉकचेनवर मांडावा लागतो. त्याने आधी अनामत ठेवलेली असते. पुरावा चुकला की तिच्यातून दंड कापला जातो. तपासायला कुणी साहेब लागत नाही, दंड वसूल करायला कोर्ट लागत नाही. वाटलेल्या क्लाउडमध्ये ब्लॉकचेनचे खरे काम हेच, ओळख नसलेल्या दोघांमधला करार पाळला जातोय का ते पाहणे.

इथे थोडा थांबतो, कारण माझ्या मते सगळा विषय पुढच्या मुद्द्यावर, म्हणजे साक्षीदारांच्या स्वतंत्रपणावर, उभा आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. विष्णू सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यामागून आलेल्या विद्वानांनी काश्मीरपासून केरळपर्यंतची, वेगवेगळ्या लिप्यांतली १,२५९ हस्तलिखिते पाहिली. ज्यांनी हे काम जवळून वाचले आहे त्यांना ठाऊक आहे, की तिथे हस्तलिखिते मोजून बहुमत काढलेले नाही. एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या एकच चूक दहा वेळा सांगतात. त्या दहा मिळून साक्षीदार एकच. काश्मीरच्या शारदा लिपीतली प्रत आणि दक्षिणेतली मल्याळम प्रत यांचा एकमेकींशी संबंध आला नसताना पाठ जुळला, तर त्या जुळण्याला वजन आहे. इतक्या लांबून, इतक्या वेगळ्या हातांनी उतरलेले शब्द एक निघतात तेव्हा मागचे मूळ दिसू लागते. संगणकशास्त्रात हीच अडचण २००२ साली जॉन डूसर यांनी 'सिबिल हल्ला' या नावाने मांडली. जाळ्यावर एकच माणूस हजार नावे घेऊन येऊ शकतो, आणि मग हजारांचे एकमत म्हणजे त्या एकाचेच मत. बिटकॉइन वीज जाळायला लावते आणि इथेरियम ही दुसरी ब्लॉकचेन पैसे गुंतवायला लावते, ते यासाठीच: नाव फुकट मिळते, वीज आणि पैसा मिळत नाही. विजेबद्दल चिंता करणाऱ्यांसाठी सांगतो, सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने गुंतवणुकीची पद्धत स्वीकारली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. फाइलकॉइनमध्ये एकाच फाइलची प्रत्येक प्रत साठवणाऱ्याच्या ओळखीनुसार वेगळी बांधली जाते, आणि ती बांधायला मुद्दाम इतका वेळ लागतो, की एकच प्रत ठेवून ऐनवेळी दुसरी बनवून दाखवणे जमत नाही.

सुखटणकरांच्या मंडळींची ही कसोटी आजच्या यंत्रणांना लावली, की काही नावाजलेल्या गोष्टी फिक्या पडतात. नोव्हेंबर २०२२मध्ये हेट्झनर या जर्मन कंपनीने आपल्या सर्व्हरवर सोलाना ब्लॉकचेन चालवायला बंदी घातली. एका दिवसात सोलानाचे सुमारे हजार नोड, म्हणजे तिच्या नोंदी ठेवणारे संगणक, अंधारात गेले. कागदावर ते हजार स्वतंत्र माणसांचे होते, पण सगळ्यांचा घरमालक एकच. इथेरियमचेही पुष्कळ नोड ॲमेझॉनच्याच यंत्रांवर चालतात. ज्या गोदामांपासून सुटायचे, त्यांच्याच आत आपण वेगळे झाल्याचा आनंद मानतो आहोत.

आपल्या सरकारचा उपक्रमही याच कसोटीवर पाहिला पाहिजे. ४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने 'विश्वस्य' ही ब्लॉकचेन यंत्रणा जाहीर केली. सी-डॅक आणि एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थांनी हैदराबादच्या आणि इतर संस्थांबरोबर मिळून ती घडवली. भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या एनआयसीच्या तीन डेटा केंद्रांत तिचे नोड आहेत, आणि सरकारी खात्यांना ब्लॉकचेन तयार सेवा म्हणून मिळावी अशी योजना आहे. मला ती महत्त्वाची वाटते. देजॉनसारखी आग पुण्यात लागली तरी भुवनेश्वर उभे राहील. पण तीन शहरांत घर असलेला मालक एकच आहे. आगीपुढे ते तीन साक्षीदार, वरून आलेल्या आदेशापुढे मात्र एकच. यापुढचे पाऊल म्हणजे काही नोड विद्यापीठांना, उच्च न्यायालयांना, राज्य सरकारांना देणे. बुंदेलखंड विद्यापीठात त्यातला एक नोड असावा, अशी मागणी इथल्या प्राध्यापकांनी करावी असे मला मनापासून वाटते.

गणनाबद्दल थोडक्यात. दुसऱ्याचा रिकामा संगणक वापरण्याची कल्पना जुनी आहे. परग्रहावरचे संदेश शोधणाऱ्या 'सेटी ॲट होम'ने १९९९ ते २०२० अशी एकवीस वर्षे लाखो घरांतले संगणक फुकट वापरले. आता गोलेम, आयएक्झेक, अकाश या सेवांनी त्याला भाड्याच्या बाजाराचे रूप दिले आहे. अकाशवर गरज मांडली, की संगणकवाले उलटा लिलाव करतात आणि भाडे ब्लॉकचेनवरच्या अनामतीतून चुकते होते. पण साठा तपासता येतो तसे उत्तर तपासता येत नाही. त्याने खरेच गणित केले की मनाचा आकडा दिला? सेटीवाले तेच काम दोघांना देऊन उत्तरे जुळवत. म्हणजे खर्च दुप्पट. शून्यज्ञान पुरावे या १९८५ साली मांडल्या गेलेल्या गणिताने उत्तराबरोबर त्याच्या खरेपणाचा पुरावाही मागता येतो, पण तो पुरावा तयार करण्याचा खर्च अजून मूळ गणिताच्या कितीतरी पट आहे. चित्रफितींवर प्रक्रिया करणे, कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल चालवणे अशा कामांना हे बाजार आज उपयोगी पडतात. रुग्णालयाचा किंवा बँकेचा व्यवहार मी आज तरी तिथे नेणार नाही.

मग आपण काय करायचे? झाशी, सागर, ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास, बडोदा, काशी, तंजावर इथल्या मराठी घरांत आणि संस्थांत मोडी कागद, सनदा, वंशावळी, जमाखर्चाच्या वह्या, जुनी छायाचित्रे पडून आहेत. वाळवी, पाऊस आणि इथला ४५ अंशांचा उन्हाळा कुणासाठी थांबत नाही. माणसांचा राग तर त्याहून अचानक येतो. ५ जानेवारी २००४ रोजी खुद्द भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला तेव्हा आपण ते पाहिले.

हे कागद वाचवण्यासाठी टोकनवाल्या, म्हणजे आभासी नाण्यांवर चालणाऱ्या, सार्वजनिक जाळ्यात पडू नका, असा माझा सल्ला आहे. टोकनचा भाव आज एक, उद्या दुसरा. भारतात एप्रिल २०२२पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि जुलै २०२२पासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस. आपल्या विश्वस्त मंडळांना तो हिशेब झेपणार नाही. शिवाय आपण एकमेकांना अनोळखी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९९ साली ग्रंथालयांसाठी 'लॉक्स' नावाची पद्धत सुरू केली. तिच्यात प्रत्येक ग्रंथालय आपली पूर्ण प्रत ठेवते, ठरावीक काळाने सगळी एकमेकांचे हॅश ताडून पाहतात आणि ज्याची प्रत बिघडली त्याला बाकीचे ती दुरुस्त करून देतात. त्यात नाणे नाही, दंड नाही. परिचितांसाठी एवढे पुरते. वेगवेगळ्या शहरांतल्या सात संस्था, वेगवेगळ्या विश्वस्तांच्या, वेगवेगळ्या विजेवर आणि शक्यतो वेगवेगळ्या राज्यांतल्या, एवढ्या जमल्या तर आपले हे जुने कागद सुरक्षित होतील. प्रत्येक संस्थेला लागेल एक साधा संगणक, दोन हार्डडिस्क आणि महिन्यातून एकदा लक्ष घालणारा एक तरुण.

आणि सातही संस्थांच्या संग्रहाचा मिळून निघणारा तो ६४ अक्षरांचा हॅश दरवर्षी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत छापावा. शेकडो घरांत जाणारी स्मरणिका नंतर कुणीही परत मागवून बदलू शकणार नाही.

दोन गोष्टी मात्र पहिल्याच बैठकीत ठरवायला हव्यात. पहिली अशी की जिवंत माणसांची माहिती असलेले कागद कोणत्याही ब्लॉकचेनवर जाऊ नयेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे आणि ब्लॉकचेनवरची नोंद पुसता येत नाही. नाव आणि जन्मतारीख एवढ्यावरून काढलेला हॅशसुद्धा अंदाजाने फोडता येतो. दुसरी गोष्ट किल्लीची. घरगुती कागद कुलूपबंद करून ठेवले आणि किल्ली ज्याच्याजवळ तो गृहस्थ गेला, तर सातही प्रती कोऱ्या कागदासारख्याच. आदि शमीर यांनी १९७९ साली दाखवून दिले आहे, की एक किल्ली पाच जणांत अशी वाटता येते, की कोणतेही तिघे एकत्र आले तर ती उघडते आणि दोघांना मिळून काहीच कळत नाही. ते पाच जण कोण, हे संगणक ठरवणार नाही. झाशीतून एक, ग्वाल्हेरहून एक, पुण्याच्या एखाद्या संशोधन संस्थेतून एक, एखादी तरुण वकील मुलगी आणि ज्यांच्या घरचे कागद त्यांच्यातले एक, अशी नावे मी सुचवीन. ती आज रात्रीच लिहून काढायला हरकत नाही; मी उद्या सकाळच्या गाडीपर्यंत इथेच आहे.